नखाएवढी माया

मिस्त्रींच्या दुकानात डिंकाची बाटली ठेवायला बंदी होती. तुम्ही म्हणाल, वेल्डिंगच्या दुकानात डिंक हवाच कशाला? लागतो हो. 'दुकान बंद आहे' असा कागद दारावर लावायला लागतो, कपाचा तुटलेला कान जोडायला लागतो. मिस्त्रींनी तो कागद पत्र्यात घालून दाराला रिव्हेट मारून बसवला होता, त्यामुळे दुकान उघडं असलं तरी दार म्हणायचं बंद आहे. आणि घरातल्या त्यांच्या आवडत्या कपाचा कान तुटला तेव्हा त्यांनी पितळेची पट्टी वळवून कपाला असं काही जखडलं की चहा पिताना आधी ओठ भाजायचा आणि मग चव कळायची. पण चिकटवायचं नाही म्हणजे नाही.

"दोन तुकडे एकमेकांत वितळले, तर त्याला जोड म्हणायचं," ते सांगत. "बाकी सगळी लाडीगोडी."

माणूस वाईट नव्हे. हट्टी मात्र होते, आणि आपण हट्टी आहोत हे त्यांच्या गावीही नव्हतं, म्हणजे दामदुप्पट हट्टी. घरात माणसं तीनच. मिस्त्री, पुढच्या खोलीत मशीनवर गल्लीभराचे कपडे शिवणारी त्यांची बायको, आणि एकुलती एक लेक. ही लेक लहानपणी घटकाभर एका जागी टिकायची नाही, म्हणून मिस्त्री तिला ठिणगी म्हणत. आता ती चांगली मोठी झाली होती आणि समोरच्या काचेच्या कारखान्यात भट्टी सांभाळत होती, पण नाव काही सुटलं नाही.

त्या भट्टीपासूनच सगळं सुरू झालं. काचेची फुलदाणी नाहीतर सुरई घडवून झाली, की ती तशीच गार करता येत नाही. एकदम गार झाली की तडकते. म्हणून तिला भट्टीत ठेवून, लहान मुलाला निजवावं तसं हळूहळू निववायचं असतं. भट्टीच्या आत किती उष्णता आहे ते सांगायला एक काडी असते. ती काडी स्टीलच्या नळीत, आणि नळी भट्टीच्या दारातल्या बिडाच्या कॉलरमध्ये, म्हणजे ओतीव लोखंडाच्या जाड कड्यात. ही नळी त्या कॉलरला धरून राहायला हवी, एवढंच काम. मिस्त्रींनी ती तीनदा वेल्डिंग करून बसवली आणि तिन्हीदा सुटली. स्टील तापलं की ऐसपैस पसरतं, बीड तेवढं पसरत नाही, आणि दोघांची ओढाताण झाली की जोडाचा जीव जातो. मिस्त्रींनी पहिल्यांदा वेल्डिंगच्या रॉडला नावं ठेवली, दुसऱ्यांदा बिडाला, आणि तिसऱ्यांदा कारखान्याच्या मालकीण असलेल्या काचवाल्या बाईंनाच विचारलं, की तुम्ही भट्टी इतकी तापवता तरी कशाला?

"काच आहे म्हणून, मिस्त्री," बाई शांतपणे म्हणाल्या. "लोणी असतं तर नसती तापवली."

त्या रात्री जेवताना ठिणगी म्हणाली, "बाबा, मागच्या गल्लीत एक जण सिरॅमिकचा लेप बनवतो. पांढरी पूड आणि एक पातळ द्रव, दोन्ही कालवून लावायचं. धातूला धातू धरून ठेवतो. आपल्या भट्टीच्या दुप्पट उष्णता असली तरी सोडत नाही म्हणे."

"कोण एक जण?"

"आहे एक जण," असं म्हणून ठिणगीने बट कानामागे सारली. आता, बट सुटलेली असती तर मिस्त्रींच्या काही ध्यानात आलं नसतं. पण केस चापूनचोपून बांधलेले होते. कानामागे सारायला काही नव्हतंच.

मिस्त्रींनी हातातला घास ताटात ठेवला. ठिणगी हात धुवायला उठल्यावर त्यांनी बायकोकडे पाहिलं. बायको म्हणाली, "अख्ख्या गल्लीला कधीचं ठाऊक आहे. तुम्ही तोंडावर तो वेल्डिंगचा मास्क घालून बसता, त्याला मी काय करू?"

"डिंकवाला?" मिस्त्री पुटपुटले. "माझ्या पोरीला डिंकवाला?"

खरं सांगायचं तर डिंकवाल्याच्या जागी राजपुत्र असता तरी तो त्यांना असाच खुपला असता. ठिणगी या घरातून जाणार, संध्याकाळी दुकानाचं शटर ओढताना समोरून "बाबा, थांबा, मीही येते" अशी हाक येणार नाही, हा विचार त्यांना सोसतच नव्हता. पण असं कबूल कोण करतो? त्यापेक्षा डिंकावर राग काढलेला बरा. ते उठले आणि मोरीच्या दारात उभं राहून लेकीला म्हणाले, "बोलाव तुझ्या त्या चिकट्याला. त्याचा जोड टिकला तर पुढचं मी ऐकून घेईन. नाही टिकला, तर पुढचं काही नाही."

ठिणगीला पुढचं म्हणजे काय ते बरोबर कळलं. तिच्या आईलाही कळलं. फक्त ज्याची परीक्षा होती त्या बिचाऱ्याला कुणी काही सांगितलं नाही. ठिणगीने मुद्दामच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याचे हात थरथरले असते. तिने त्याला एवढंच बजावलं, "बाबांशी वाद घालू नकोस. ते म्हणतील ते ऐक."

हा एवढा शहाणपणा तिने केला नसता तर ही गोष्ट इथेच संपली असती.

चिकट्या दुसऱ्या दिवशी दुकानात आला. उंच, काटकुळा, बाह्यांवर पांढऱ्या पुडीचे डाग, आणि बोलणं असं की एक शब्द ठेवून दुसरा आणायला आत जातोय की काय असं वाटावं. त्याने नळी हातात घेतली, कॉलर घेतली, दोन्ही उजेडात धरून पाहिली. मिस्त्री हाताची घडी घालून उभे होते.

"तुझा हा चिखल वाळायला किती वेळ लागतो?"

"दोन दिवस नुसता वाळू द्यायचा. मग दिव्याच्या उबेत. मग भट्टीत, अगदी मंद. आतलं पाणी सावकाश निघून गेलं पाहिजे. घाई केली की उकळतं आणि फोड येतात."

"मी दोन मिनिटांत जोड देतो."

"हो," चिकट्या नम्रपणे म्हणाला, "तीनदा दिलात."

त्याच्या मनात काही वावगं नव्हतं. त्याला खरंच कौतुक वाटलं होतं. पण मिस्त्रींच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. चिकट्याने नळी परत त्यांच्या हातात दिली. नळी खडबडीत घासून, तेलाचा हातही न लागू देता ठेवा, कॉलरचं भोक तुमच्या लेथवर नव्याने करून घ्या, असं सगळं सांगितलं. आणि दारातून बाहेर पडता पडता मान वळवून म्हणाला, "आणि मिस्त्री, माया सोडा थोडी."

मिस्त्री जागच्या जागी थिजले.

"काय म्हणालास?"

"माया. सोडायला हवी. नाहीतर पुढे त्रास होतो, तडा जातो." मग त्याने अंगठ्याचं नख दाखवलं. "फार नको. एवढीशी सोडलीत तरी पुरे."

आता हे ऐकून बापाच्या काळजाचं काय झालं असेल, सांगा बघू! वीस-बावीस वर्षं जिला खांद्यावर घेतलं, तापात जिच्या उशाशी रात्री काढल्या, तिच्यावरची माया सोड म्हणून हा दोन शब्दांचा मालक दारात उभं राहून सांगतो! वर माप दाखवतो! नखाने!

"नाही सोडणार," मिस्त्री म्हणाले. आवाज चिरकला म्हणून पुन्हा म्हणाले. "मरेपर्यंत नाही सोडणार. समजलं? एक तसूभर नाही."

चिकट्या गोंधळला. त्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मग ठिणगीचं बजावणं आठवलं असावं, कारण त्याने ते मिटलं. "बरं," तो म्हणाला. "तुम्हाला जास्त कळतं." आणि गेला.

मिस्त्रींनी तो सगळा राग लेथवर काढला. भोक असं काटेकोर केलं की नळी आत घालायला लाकडी हातोडी लागावी. त्यांच्या धंद्यात दोन भागांमधल्या मोकळ्या जागेला ढील म्हणतात, आणि ढील ठेवणारा कारागीर म्हणजे आळशी, हे ते पोरवयापासून मानत आले होते. चिकट्या लेप घेऊन आला, त्याने नळी आत घालून पाहिली, एकदा मिस्त्रींकडे पाहिलं आणि केविलवाणा होऊन म्हणाला, "मिस्त्री, माया?"

"एकदा सांगितलं ना!"

चिकट्याने डबी उघडली. दह्यासारखा दाट कालवलेला तो पांढरा लेप त्या फटीत शिरणार कुठून? त्याने नळीला नुसता लेपाचा हात फिरवला, मिस्त्रींनी हातोडीने नळी ठोकली, आणि निम्मा लेप बाहेर येऊन मिस्त्रींच्याच चपलेवर पडला.

वाळवून झालं, ऊब देऊन झाली. काचवाल्या बाईंनी शहाणपणाने भट्टीत एकही वस्तू ठेवली नव्हती. ठिणगीने भट्टी लावली. सगळे दाराशी उभे. तापमानाचा आकडा चढत गेला, चढत गेला, आणि भट्टी ऐन भरात यायच्या आत आवाज झाला, टक्क. बिडाची कॉलर वरपासून खालपर्यंत उलली होती.

"बघा!" मिस्त्री म्हणाले. "डिंक तो डिंकच!"

चिकट्याने पुढे होऊन तडा पाहिला, आणि बाईंना म्हणाला, "चूक माझी. मला नीट सांगता आलं नाही." मग त्याने आपली डबी, चमचा, चिंध्या पिशवीत भरल्या आणि निघाला. ठिणगी रडली नाही, भांडलीही नाही. भट्टी बंद केली, हातमोजे काढून खुंटीला लावले आणि पाठ फिरवून उभी राहिली. मिस्त्रींना वाटलं होतं, आपल्याला फार आनंद होईल. पण घरी येताना ठिणगी त्यांच्या चार पावलं पुढे चालत होती, आणि एकदाही मागे वळली नाही. असलं जिंकणं काय चाटायचंय, असं त्यांच्या मनात आलं.

घरी बायको मशीनवर कुणाचा तरी सदरा शिवत होती. ठिणगी सरळ आतल्या खोलीत गेली. मिस्त्री स्टुलावर बसले.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"कॉलर फाटली."

"घट्ट झाली असेल," बायको मशीन न थांबवता म्हणाली. तिचं अर्धं लक्ष सदऱ्यात. "माया सोडली नव्हती का?"

मिस्त्रींनी मान वर केली. "काय म्हणालीस?"

"माया हो, माया. शिवणीच्या आत जास्तीचं कापड ठेवतात ते. ती सोडली नाही तर माणूस जरा अंगाने भरला की कपडा उलतो. जन्म गेला तुमचा माझ्याशेजारी, आणि मी रोज काय बोलते ते कानात शिरलंच नाही कधी!"

"आणि ती सोडायची असते?"

"मग काय धरायची असते?"

मिस्त्रींनी कपाळाला हात लावला. मग दोन्ही हात लावले. बायकोने मशीन थांबवलं. तिने खोदून खोदून विचारलं तेव्हा दारातलं ते सगळं बोलणं, नखासकट, बाहेर आलं. बायको आधी नुसती बघत राहिली. मग तिच्या खांद्यांना हिसके बसायला लागले, आणि शेवटी ती सदऱ्यात तोंड खुपसून इतकी हसली की टाचणी गालाला टोचली. आतल्या खोलीच्या दारात ठिणगी येऊन उभी राहिली होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"बाबा! त्याने भोकात जागा ठेवायला सांगितली, आणि तुम्ही 'मरेपर्यंत सोडणार नाही' म्हणालात?"

"मला वाटलं, तो तुझं म्हणतोय." मिस्त्री जमिनीकडे बघत म्हणाले. "तुझ्यावरची माया सोडा म्हणतोय. मग मी दुसरं काय बोलणार होतो? नाहीच सुटायची ती. काय हवं ते कर."

ठिणगी चांगलीच भडकून आली होती. पण हे ऐकल्यावर भडकायचं कसं, हेच तिला सुचेना. ती येऊन बापाच्या पायाशी बसली आणि त्यांच्या चपलेवरचा वाळलेला लेप नखाने खरवडू लागली. निघत नव्हता.

"धरतो बाकी घट्ट," मिस्त्री म्हणाले.

"तेच तर सांगत होते मी," ठिणगी नाक ओढत म्हणाली.

सकाळी मिस्त्री मागच्या गल्लीत गेले. मोकळ्या हाताने कसं जायचं, म्हणून कप घेऊन गेले. पितळेची पट्टी त्यांनी स्वतः कापून काढली होती. तुटलेला कान बायकोने बटणांच्या डब्यात जपून ठेवला होता, तोही घेतला. चिकट्याची जागा म्हणजे एक लांबट खोली, त्यात तराजू, पुडीचे डबे, आणि फळीवर लेप लावून वाळत ठेवलेले लोखंडाचे तुकडे. त्यांना पाहून तो उठला तो स्टूल पाडूनच.

"याचा कान," मिस्त्रींनी कप पुढे केला. "जमतो का बघ. नाहीतर राहू दे."

"जमेल," चिकट्या म्हणाला.

"आणि त्या दिवशी दारात तू मला काय म्हणाला होतास?"

"माया सोडा म्हणालो होतो. नळी आणि कॉलरच्या मधली. तिथे जागा असली की लेप बसतो, आणि नळी पसरली तरी कॉलरला ढकलत नाही." तो ओशाळला. "माझी आई शिवणकाम करायची. तिचाच शब्द तोंडात बसलाय. पण तुम्ही म्हणालात, मरेपर्यंत सोडणार नाही. मला वाटलं, तुमच्या धंद्यात या गोष्टी फार मनाला लावून घेतात."

मिस्त्रींनी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर पाहण्यासारखं काही नव्हतं, एक भिंत होती. "मी ठिणगीचं बोलत होतो," ते म्हणाले.

चिकट्याच्या हातातला कप पडलाच असता. त्याचं तोंड त्याच्या लेपापेक्षा पांढरं झालं, आणि मग कानापर्यंत लाल. "तुम्हाला... माहीत आहे?"

"मला सगळ्यांच्या शेवटी कळतं, पण कळतं. तेव्हा तू जे विचारलंच नव्हतंस आणि मी ज्याला नाही म्हणून बसलो, ते आता नीट विचार."

मिस्त्री वाट बघत उभे राहिले. पोरगा आता शब्द आणायला आत जाणार, असं त्यांना वाटलं. पण या वेळी त्याचं उत्तर हाताशीच होतं.

"आत्ता नाही विचारणार," तो म्हणाला. "आधी जोड टिकू दे. मग विचारीन."

मिस्त्रींनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मास्क काढून पाहिलं म्हणा ना. "किती सोडू?" त्यांनी विचारलं, आणि चिकट्याने अंगठ्याचं नख दाखवलं.

भंगारातून दुसरी कॉलर मिळाली. मिस्त्रींनी भोक केलं, आणि चौफेर नखाएवढी जागा मोकळी ठेवली. त्यांचा हात लेथवर अडखळत होता. इतकी ढील ठेवायची लाज वाटत होती त्यांना, म्हणून दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं होतं. चिकट्याने त्या जागेत सावकाश लेप भरला, नळी मधोमध धरली, आणि मग काहीच न करण्याचे दिवस सुरू झाले. मिस्त्रींनी उभ्या आयुष्यात काही न करता जोड होताना पाहिला नव्हता. ते काही ना काही निमित्त काढून समोर जायचे, बोट पुढे करायचे, आणि ठिणगी त्यांच्या बोटावर चापट मारायची.

भट्टी पुन्हा लागली तेव्हा सगळे पुन्हा दाराशी. आकडा चढत गेला. मागच्या वेळी जिथे टक्क झालं होतं तिथे येताच ठिणगीने एका हाताने बापाचा हात धरला आणि दुसऱ्या हाताने चिकट्याचा, आणि दोघांनीही पाहिलं नाही असं दाखवलं. आकडा पुढे गेला. भट्टी ऐन भरात आली, तशीच धगधगत राहिली आणि हळूहळू निवली. आवाज झालाच नाही. काचवाल्या बाईंनी नळीला धरून हलवून पाहिलं आणि म्हणाल्या, "मिस्त्री, आता मी काच ठेवू का, की लोणी?"

मग चिकट्याने विचारलं. सगळ्यांसमोरच विचारलं, आणि मिस्त्रींनी मान हलवली. तोंडाने हो म्हणायला गेले असते तर आवाजाने दगा दिला असता.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी चिकट्या घरी आला होता. लग्नातला कोट सासूबाईच शिवणार होत्या. तो खोलीच्या मधोमध हात पसरून उभा, ठिणगी आकडे लिहून घेतेय, आणि मिस्त्री स्टुलावर बसून चहा पितायत. कपाला आता त्याचा स्वतःचा कान होता आणि ओठ भाजत नव्हता, पण मिस्त्री सवयीने फुंकर मारत होते.

"अंगावर काही नाही हो याच्या," बायको टेप गुंडाळत म्हणाली. "पाठीला काठी लावल्यासारखा आहे नुसता. बेताचाच बेतते."

"ऐक," मिस्त्री म्हणाले. कप त्यांनी खाली ठेवला. "माया सोड."

ठिणगीने पेन्सिल खाली घेतली.

"किती सोडू?" बायकोने विचारलं.

मिस्त्रींनी अंगठ्याचं नख दाखवलं. मग लेकीकडे पाहिलं, आणि दोन्ही हात हळूहळू लांब नेत गेले, स्टुलावर बसून जितके नेता येतील तितके.

"याला आता रोज इथे जेवायला यायचंय," ते म्हणाले, आणि डोळे पुसायला घाईघाईने कप तोंडाला लावला. कप केव्हाच रिकामा झाला होता.